नावाच्या शेवटी नातू

ब्राझीलचे पत्रकार बार्बोझा लिमा सोब्रिन्यो १८९७ साली जन्मले आणि २००० साली वारले. शंभरी ओलांडली तरी नावातला ‘सोब्रिन्यो’ सुटला नाही. सोब्रिन्यो म्हणजे पुतण्या किंवा भाचा. पोर्तुगीजला दोघांत फरक करावासा वाटत नाही. याच नावाचे त्यांचे एक वडीलधारे नातेवाईक पेर्नांबुकू राज्याचे गव्हर्नर होते. घोटाळा टाळायला धाकट्याच्या नावामागे नाते जोडले गेले, एवढीच ती गोष्ट.

पित्याचेच पूर्ण नाव मुलाला दिले तर ‘फिल्यो’, आजोबांचे नातवाला दिले तर ‘नेतो’. १९५४ साली राष्ट्राध्यक्ष झालेले काफे फिल्यो, कवी जुआंव काब्राल दे मेलो नेतो ही त्यातली ठळक नावे. नेमारच्या नावातला ‘ज्युनियर’ही याच कामाचा. मुलींच्या वाट्याला ही शेपटी क्वचितच येते.

याहून जुनी एक खूण मात्र नावाच्या पोटातच मुरली आहे. मध्ययुगात पोर्तुगालमध्ये बापाच्या नावाला ‘एस’ लावून मुलाची ओळख सांगत. काउंट एन्रिकेचा मुलगा आफोन्सो एन्रिकेस, तोच पोर्तुगालचा पहिला राजा. राजा सांशोची मुलगी तेरेझा सांशेस. पिढी बदलली की हे उपनामही बदलायचे. पुढे ते गोठले आणि फेर्नांदो नावाचा बाप घरात नसतानाही माणसे फर्नांडिस राहिली. गोव्यात आणि १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे असलेल्या वसईत ही आडनावे पोहोचली, ती बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली. कोण्या रोद्रिगोशी रक्ताचे नाते नसलेले रॉड्रिग्ज तिथे आजही आहेत.

‘नेतो’चेही तेच झाले. अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आगोस्तिन्यो नेतो यांचे वडीलही नेतोच. नातू हा शब्द वंशपरंपरेने चालत आला, आजोबा केव्हाच मागे पडले.

आपल्याकडेही नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, पण घोटाळा आपण बापाच्या नावाने सोडवला. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. रघुनाथरावांनी मुलाचे नाव बाजीराव ठेवले, तेव्हा इतिहासकारांनी त्याला ‘दुसरा’ म्हटले. ब्राझीलमध्ये जन्मला असता तर बहुधा ‘बाजीराव नेतो’ झाला असता. त्याच्या आजोबांची कीर्ती पाहता, ही शेपटी त्याला जडच गेली असती.