तुकोबांचा ‘उदास’ आणि कोशातला पत्ता

मंडळी, आज एका शब्दापासून सुरुवात करतो. ‘उदास’. घरातला मुलगा उदास बसला की त्याचं काहीतरी बिनसलंय असं आपण समजतो. आता तुकोबांचा तो अभंग आठवा, सचोटीने धन मिळवून ते उदास मनाने खर्चावं असं सांगणारा. आजचा अर्थ तिथे लावला तर तुकोबा रडत रडत पैसे खर्च करायला सांगतायत असं होईल! तिथे उदास म्हणजे अनासक्त. गीतेतला ‘उदासीन’, तोच हा. तत्त्वज्ञान शिकवताना हा फरक मी वर्षानुवर्षं सांगितला. पण अर्थ कधी आणि कसा सरकला हे नुसत्या तर्काने कळत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि शब्दाचा पुरावा म्हणजे जुन्या कवितेतली ओळ.

कोशात ओळी देण्याची चाल इंग्रजीत सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली रुजवली. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७ची. अर्थांच्या छटा टिपण्यात मोल्सवर्थ आजही थोर वाटतो. शब्द फक्त कवितेतला असेल तर तो तसं सांगतो, ओळही देतो. पण ती कोणाची, कुठली, हे बहुतेक वेळा सांगत नाही. म्हणजे साक्षीदार उभा केला, पण त्याचं नाव-गाव लिहून घेतलं नाही.

ती उणीव भरून काढली यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५०ची. तिथे ओळीखाली ‘ज्ञा’, ‘तुगा’, ‘एभा’ असे संक्षेप आणि पुढे आकडा. ज्ञानेश्वरी, तुकारामगाथा, एकनाथी भागवत. कोशकार्य म्हणजे काय कष्ट असतात ते या आकड्यांत दिसतं. ना संगणक, ना शोधयंत्र; माणसांनी पोथ्या वाचून, शब्द वेचून हे केलंय.

आता खरी अडचण. ‘तुगा’च्या पुढचा आकडा कुठल्या गाथ्यातला?

हा प्रश्न आपल्या परिसराचाच आहे, म्हणून जरा थांबतो. मुंबई सरकारने २४,००० रुपये देऊन शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांच्याकडून गाथा तयार करून घेतली. इंदुप्रकाश छापखान्यातून ती १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत निघाली. तिच्यासाठी ज्या हस्तलिखित प्रती पाहिल्या त्या देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूरच्या. पंढरपूर सोडलं तर बाकी सगळी गावं इथून सकाळी निघून संध्याकाळी परत यावं इतक्या अंतरावर. पुढे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये ‘अस्सल गाथा’ छापला, तो चाकणच्या संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून. त्यात अभंग सरकारी गाथ्यापेक्षा कितीतरी कमी, क्रम वेगळा, पाठही जागोजागी वेगळा. देहूच्या प्रचलित गाथ्यात आकडे आणखी निराळे. तेव्हा एकच अभंग तीन गाथ्यांत तीन आकड्यांवर भेटू शकतो.

तुमच्यापैकी बरेच जण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करता. पार्टचा नंबर दिला आणि ड्रॉइंगचं रिव्हिजन दिलं नाही, तर काय होतं ते मी सांगायला नको.

छापील कोशात ही अडचण थोडी सुटते, कारण संक्षेपांची यादी हातातल्याच ग्रंथात असते. आता मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. केवढी सोय! पण शब्द टाकला की माणूस थेट नोंदीवर उतरतो, यादीकडे फिरकत नाही. नोंद उचलून दुसरीकडे चिकटवली की ‘तुगा’ आणि आकडा पोरका होतो. मग कोणीतरी आपल्या घरच्या गाथ्यात तो आकडा काढून बघतो, अभंग सापडत नाही, आणि दोष येतो कोशकारांवर.

दुसरा घोळ अनुस्वारांचा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. आजच्या लेखनापुरतं ते ठीकच झालं, मला त्याची तक्रार नाही. पण जुनी ओवी टाइप करताना तोच नियम लावला तर पुरावाच पुसला जातो. ‘देवें’ म्हणजे देवाने. ते टिंब म्हणजे विभक्तीची खूण आहे, शोभा नाही. शिवाय एकाने टिंब ठेवलं आणि दुसऱ्याने काढलं, तर संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजू शकतो.

शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली आला. तोही आता ऑनलाइन आहे, आणि अवतरणांची शिस्त कशी असावी ते त्यात बघावं. पण त्याची हद्द इसवी सन १३५० पर्यंतच. तुकोबा त्याच्या पलीकडे राहतात.

तेव्हा ‘उदास’ची ऑनलाइन नोंद कोणी नव्याने लिहीत असेल तर माझी मागणी एवढीच: ओळ जुन्या लेखनासकट द्या, गाथा कुठला, संपादक कोण, छापला कधी ते तिथेच लिहा, संक्षेपात लपवू नका. आणि अभंग जगनाडे यांच्या वहीत असेल तर त्याचा पाठ शेजारी ठेवा. कागदावर जागेची टंचाई होती म्हणून ‘तुगा’ लिहावं लागलं. पडद्यावर ती टंचाई नाही.