थरांमधले अंतर आणि मुंबईतील एक शोध



आम्हा उस्मानपुऱ्यातील कामगारांना विजेची तार माहीत आहे ती तापणारी. त्या फुकट गेलेल्या उष्णतेचेही बिल भरावे लागते. परंतु १९११ साली हॉलंडात कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. उणे २७३ हे शून्य धरून मोजलेल्या अंशांना केल्विन म्हणतात. पाऱ्याचा आकडा ४.२ केल्विन.

पुढे वहीच्या पानांसारखे थरांचे बनलेले अतिसंवाहक सापडले. ही पाने दूर सारली तर? १९७० साली अमेरिकेत टँटलम डायसल्फाइडच्या थरांत पिरिडिनचे रेणू शिरवले. थरांमधले अंतर सुमारे दुप्पट झाले. तरी अतिसंवाहकता मेली नाही. उलट ०.८ ऐवजी ती ३.५ केल्विनलाच प्रकट होऊ लागली.

मग अंतर वाढवीत जावे काय? याचे उत्तर देणारा एक पदार्थ आपल्या मुंबईने जगाला दिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता व त्यांचे सहकारी इट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या मिश्रणांचा अभ्यास करीत होते. एका नमुन्यात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकतेची अंधुक खूण दिसली. निकेल तर चुंबकीय धातू, आणि चुंबकत्व अतिसंवाहकतेला मारक! ती खूण भेसळ समजून सोडून देणे सोपे होते. त्यांनी सोडली नाही. कार्बन मिसळताच ती ठळक झाली, आणि १९९४ साली शोध प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने या कुटुंबाची रचना उलगडली. निकेल-बोरॉनच्या थरांमध्ये धातू-कार्बनचा थर बसलेला असतो. लुटेशियमच्या संयुगात असा एक थर असता अतिसंवाहकता १६.६ केल्विनला येते. दोन थर घालून अंतर वाढवले, तर ती पार खाली कोसळते. तिकडे अंतर वाढले आणि लाभ झाला, इकडे हानी. म्हणजे नुसत्या अंतराने निकाल लागत नाही. मध्ये कोण बसले आहे आणि ते शेजारच्या थराला किती इलेक्ट्रॉन देते, तेही पाहावे लागते.

कारखान्यात वेगळा निघालेला नग भंगारात जातो, आणि एकट्या कामगाराची तक्रार टोपलीत. तीस वर्षे मी हेच पाहिले. मुंबईच्या त्या प्रयोगशाळेने मात्र अंधुक खुणेची चौकशी केली. अंधुक म्हणून खूण खोटी ठरत नाही, एवढे आपण येथून घेऊन जावे.