डी पुलाची दुर्घटना (१८४७) : ताण, आघात आणि ओतीव लोखंडाची चौकशी

एकोणिसाव्या शतकातील रेल्वेचा इतिहास बहुधा मार्गांच्या लांबीने व अभियंत्यांच्या नावांनी लिहिला गेला. पूल ज्या द्रव्याचे बनले, त्या द्रव्याच्या वर्तनाकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले. २४ मे १८४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे डी नदीवरील रेल्वेपूल गाडी जात असताना कोसळला व पाच जण मृत्युमुखी पडले. या घटनेने हा दुर्लक्षित प्रश्न प्रथमच न्यायासनासमोर आणला.

पुलाची रचना रॉबर्ट स्टीफन्सन यांची होती. (मुंबई–ठाणे रेल्वेचे अभियंता जेम्स बर्कले हे त्यांचेच शिष्य.) सुमारे ९८ फुटांच्या प्रत्येक गाळ्यासाठी ओतीव लोखंडाचे तीन तुकडे जोडून तुळई केली होती व तिला घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार दिला होता. ओतीव लोखंड, म्हणजे मराठीतील ‘बीड’, दाबाला उत्तम टिकते; ताणाला मात्र ते सुमारे सहापट दुबळे असते, हे ईटन हॉजकिन्सन यांनी १८३० च्या सुमारासच प्रयोगांती दाखविले होते. बिडाचा तवा चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या चालतो, परंतु फरशीवर आपटताच दुभंगतो, हा घरोघरचा अनुभव त्याच ठिसूळपणाची साक्ष देतो. भाराखाली तुळईची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. साहजिकच धोका खालच्या बाजूस असतो. त्यातच दुर्घटनेच्या दिवशी, आगीपासून संरक्षण म्हणून, पुलाच्या लाकडी तक्तपोशीवर खडी पसरून भार वाढविण्यात आला होता.

मृत्यूंच्या चौकशीत स्टीफन्सन यांनी, गाडी रुळावरून घसरून तुळईवर आदळली व त्या आघाताने ती मोडली, असा पक्ष मांडला. साक्षीदारांनी मात्र भेग खालून उघडताना पाहिली होती. पुलाचे रंगकाम करणाऱ्याने गाड्यांखाली तुळया काही इंच वाकत असल्याचे सांगितले. आघाताचा पक्ष क्षणभर मान्य केला तरी एका धडकेने मोडणारी तुळई निर्दोष कशी ठरते, हा प्रश्न उरतोच. प्रतिष्ठित अभियंत्याच्या शब्दापुढे पंचांनी दबून न जाता तुळई अपुऱ्या बळाची होती असे नोंदविले आणि अशा पुलांच्या चौकशीची मागणी केली, ही बाब विशेष उल्लेखनीय होय.

त्यातून नेमलेल्या राजकीय आयोगाने १८४९ मध्ये अहवाल दिला. आयोगासाठी केलेल्या प्रयोगांत हॉजकिन्सन यांनी ओतीव लोखंडाच्या पट्ट्यांवर वारंवार आघात केले. मोडण्यापूर्वीच्या कमाल वाकाच्या एक-तृतीयांशापर्यंत वाकविणारे ४,००० आघात निर्दोष पट्ट्यांनी सोसले. निम्म्यापर्यंत वाकविणारे तेवढे आघात एकीनेही सोसले नाहीत. एका भाराने न मोडणारी वस्तू त्याच भाराच्या पुनरावृत्तीने मोडते, हे यातून सिद्ध झाले. पीटर लुईस व कॉलिन गॅग यांनी २००४ मध्ये डी पुलाचा पुनर्विचार करताना, तुळईच्या पाखेवरील शोभेच्या नक्षीच्या तीक्ष्ण कोपऱ्यातून अशाच पुनरावृत्त ताणाची भेग वाढली असावी, असे मत मांडले.

ज्ञान उपलब्ध झाले, तथापि व्यवहार बदलला नाही. १८७९ मध्ये टे पूल पडला, तेथेही ओतीव लोखंडाचे कान ताणाखाली तुटले होते. १ मे १८९१ रोजी नॉरवुड जंक्शन येथील पुलाची तुळई ओतकामातील दडलेल्या दोषामुळे मोडली. कोणी दगावले नाही. परंतु रेल्वेखालील ओतीव तुळया बदलण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले ते त्यानंतरच, अहवालाच्या बेचाळीस वर्षांनी.