साठे, सत्यरंजन पुरुषोत्तम

साठे, सत्यरंजन पुरुषोत्तम : (मृत्यू २००६). संविधान व प्रशासकीय कायदा या विषयांचे पुण्यातील अभ्यासक आणि अध्यापक. आय.एल.एस. विधी महाविद्यालयाचे १९७६ ते १९९१ या काळात प्राचार्य. प्रशासकीय कायद्यावरील त्यांच्या इंग्रजी पाठ्यग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. माहितीचा हक्क हा विषय त्यांनी ‘द राइट टू नो’ (१९९१) या पुस्तकात हाताळला, तोही केंद्रीय माहिती अधिकार कायद्याच्या चौदा वर्षे आधी. ‘ज्युडिशियल ॲक्टिव्हिझम इन इंडिया’ (२००२) हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ. हे विषय वेगवेगळे दिसले तरी त्यांचे सूत्र एकच आहे. परवाना नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला प्रशासकीय कायदा विचारतो : अधिकार कुठून आला, समोरच्याचे म्हणणे ऐकले का, कारणे दिली का? साठे यांनी हीच कसोटी सर्वोच्च न्यायालयालाही लावली आणि यातच त्यांच्या संशोधनाचे खरे मोल आहे.

न्यायालयीन सक्रियता ही न्यायालयांनी केलेली आगळीक नसून न्यायिक पुनर्विलोकनातच ती अंगभूत असते, असे साठे मानत. सत्तेची विषमता कमी करणारी सक्रियता आणि आहे ती व्यवस्था जपणारी सक्रियता असा भेदही त्यांनी केला. त्यामुळे न्यायालयाने सक्रिय असावे की नाही, यापेक्षा ते कोणत्या दिशेने सक्रिय आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. स्थानबद्धतेविषयीच्या १९५०च्या गोपालन निकालात सर्वोच्च न्यायालय कायद्याच्या शब्दाशी थांबले. १९७८च्या मेनका गांधी निकालात मात्र कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती न्याय्यही असली पाहिजे, असे त्याने ठरवले. पुढे तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी धाडलेले पत्रच याचिका म्हणून दाखल झाले. या स्थित्यंतरामागे साठे यांना आणीबाणीचा धडा दिसतो : जनमानसात स्थान नसलेले न्यायालय सत्तेच्या दडपणापुढे टिकत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दिशा पाहून सक्रियता जोखली तर कायद्याची जागा अभ्यासकाचे राजकीय मत घेते. परंतु न्यायप्रक्रियेची मर्यादा साठे यांनी कधीच सैल सोडली नाही. इष्ट हेतूसाठीही न्यायाधीशाला तत्त्व आणि कारणे द्यावीच लागतात. लोकमान्यतेवर भर दिल्याने न्यायालय लोकानुनयी होईल, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र लोकमान्यता म्हणजे तात्कालिक लोकप्रियता नव्हे. आणीबाणीतही अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते, असे मानणारे न्या. खन्ना १९७६च्या बंदिप्रत्यक्षीकरण खटल्यात एकटे पडले. आज आदर त्यांच्याच मताला आहे आणि बहुमताचा निर्णय २०१७ साली स्पष्टपणे रद्दबातल ठरला. न्यायालयाची मान्यता अशी कारणांच्या बळावर, काळाच्या ओघात सिद्ध होते. न्यायालयाचे समर्थन करतानाच त्याला जाब विचारण्याची रीत साठे यांनी घालून दिली आणि भारतीय विधिविद्येत त्यांचे स्थान त्यामुळेच पक्के आहे.