अर्बुदापासून दहाच्या आठव्या घातापर्यंत

जालना जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. सगळीकडे २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर किती पाणी पडले? शून्ये मोजत बसू नये. ७.७ गुणिले दहाचा नववा घात, इतके चौरस मीटर, पाऊस २.५ गुणिले दहाचा उणे दुसरा घात, इतके मीटर. अंकांचा गुणाकार १९.२५, घातांकांची बेरीज सात. दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवले की १.९२५ गुणिले दहाचा आठवा घात. मूळ मापे दोनच सार्थ अंकांची, म्हणून उत्तरही १.९. म्हणजे एकोणीस कोटी घनमीटर, जवळजवळ सात टीएमसी.

दहाच्या या आठव्या घाताला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त नाव आहे: अर्बुद. एक, दश, शत अशी परार्धापर्यंत अठरा नावे तिथे आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. परार्ध म्हणजे दहाचा सतरावा घात. ‘लीलावती’ ११५० सालची. जालन्याच्या वायव्येला, चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे. आसन्न किमतीचा विवेकही ‘लीलावती’त आहे. परिघ-व्यासाचे ३९२७/१२५० हे गुणोत्तर सूक्ष्म आणि २२/७ स्थूल, व्यवहाराला पुरेसे. किती नेमकेपणा हवा हे कामावरून ठरते, ही समज मला या कुळकथेतली सर्वांत मोलाची वाटते.

तरीही आजची लेखनपद्धती भास्कराचार्यांची म्हणता येणार नाही. गुणाकार करताना स्थाने मिळवण्याचा नियम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने वाळूचे कण मोजताना मांडला होता. तो एककालाच पहिले स्थान मानत असल्याने बेरजेतून एक वजा करावा लागे. डोक्यावरचा बारीक घातांक देकार्तने १६३७मध्ये रूढ केला. न्यूटनने १६७६च्या पत्रांत उणे घातांक वापरले. पुढे अभियंत्यांच्या सरकपट्टीने दोन्ही सवयी पक्क्या केल्या: पट्टीवर जेमतेम तीन अंक वाचता येत आणि दहाचे घात वेगळे ध्यानात ठेवावे लागत. १९७२चे एचपी-३५ हे खिशातले गणकयंत्र घातांक स्वतःच दाखवू लागले.

यंत्र मात्र गरजेपेक्षा जास्त अंकही दाखवते. पुढच्या पावसात आपल्या गावाचे क्षेत्रफळ घेऊन हा गुणाकार करून पाहा, आणि पर्जन्यमापकाने दिले तेवढेच अंक उत्तरात ठेवा.