तंत्रिका-चलन व्यायाम आणि मुठीचे बल

हाताच्या तंत्रिका (मज्जातंतू) सभोवतालच्या ऊतकांतून सुलभपणे सरकाव्यात यासाठी करावयाचे व्यायाम आणि मूठ आवळण्याचे बल वाढविणारे व्यायाम यांची सांगड हस्तोपचारात घातली जाते. या दोहोंचा उगम मात्र भिन्न आहे.

मुठीच्या बलाचे मापन अधिक जुने होय. एदम रेन्ये या फ्रेंच यंत्रज्ञांनी १७९८ मध्ये लंबगोल पोलादी स्प्रिंग असलेल्या बलमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८४ मध्ये लंडन येथील आरोग्य प्रदर्शनात हजारो प्रेक्षकांच्या मुठीचे बल मोजले. चार्ल्स बेकटॉल यांनी १९५४ मध्ये पकडीचे अंतर कमीजास्त करता येणारा बलमापक पुढे आणला. कोपर ९०° वाकवून, बसून मापन करण्याची शिफारस अमेरिकन हस्तोपचारकांच्या संघटनेने १९८१ मध्ये केली. त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी तुलनायोग्य झाल्या.

तंत्रिकेच्या चलनाचा विचार मागाहून आला. मनगट व बोटे मागे वळविली असता मध्य तंत्रिका दंडात सरासरी सुमारे ७ मिमी. खाली सरकते, असे मॅक्लेलन व स्वॉश यांनी १९७६ मध्ये जिवंत व्यक्तींवर मोजून दाखविले. ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट एल्व्ही यांनी बाहूच्या तंत्रिकांवरील ताणाची परीक्षा १९७९ मध्ये मांडली, तर डेव्हिड बटलर यांचा या विषयावरील ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मनगटातील अरुंद बोगद्यात मध्य तंत्रिका दाबली गेल्यास बोटांना मुंग्या येतात आणि कालांतराने अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू क्षीण होतात. मूठ आवळण्याचे बल मात्र मुख्यत्वे प्रबाहूतील स्नायूंपासून मिळते. त्यामुळे मापकावरील आकडा समाधानकारक असूनही तंत्रिकेचा ऱ्हास चालू असू शकतो. शिवाय घट्ट मूठ आवळल्याने बोगद्यातील दाब वाढतो. म्हणून प्रथम सौम्य चलन आणि लक्षणे ओसरल्यावर क्रमाक्रमाने बलवर्धन, हा क्रम युक्त ठरतो.

उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा अद्याप तोकडा आहे. तुर्कस्तानात झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ मनगटपट्टी वापरणारे आणि तीसोबत तंत्रिका व कंडरा यांच्या चलनाचे व्यायामही करणारे, असे दोन्ही गट सुधारले. मुठीच्या बलात त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१२ मधील कॉक्रेन समीक्षेनेही उपलब्ध पुरावा मर्यादित व निकृष्ट दर्जाचा ठरविला. मुठीचे बल हे हाताच्या कार्यक्षमतेचे एक माप आहे. तंत्रिकेच्या आरोग्याची ती खात्री नव्हे. बधिरता टिकून राहिल्यास किंवा अंगठ्याचे स्नायू झिजू लागल्यास व्यायामात कालापव्यय न करता वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.