कात्री आपल्या हाती हवी

कोलाज म्हणजे रिकामटेकड्यांचा छंद, असे म्हणणाऱ्यांना आम्ही रोमेअर बिअर्डन यांचा इतिहास सांगू. १९११ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेले हे कृष्णवर्णीय चित्रकार पोटासाठी अनेक वर्षे न्यूयॉर्क शहराच्या समाजकल्याण खात्यात राबले. चित्रे काढायची ती नोकरी सांभाळून.

१९६३ मध्ये नागरी हक्कांचा लढा पेटला असताना न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय चित्रकारांनी 'स्पायरल' हा गट स्थापला. सगळे मिळून एक कोलाज करू, ही बिअर्डन यांची सूचना इतरांनी उचलली नाही. मग त्यांनी एकट्यानेच कात्री धरली. मासिकांतले चेहरे, डोळे, हात कापून रंगीत कागदांसोबत चिकटवले. १९७१ च्या 'द ब्लॉक'मध्ये हार्लेमची अख्खी गल्ली उभी राहिली.

फोटो दुसऱ्यांचे, मासिके दुसऱ्यांची. मांडणी मात्र त्यांची. खरा प्रश्न हाच आहे: आपले चित्र कोण रचणार?

१९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव घेतले. कृष्णवर्णीयांचे साहित्य आपण वाचले, त्यांच्या चित्रांकडे मात्र फारसे पाहिले नाही. आपली वस्ती वर्तमानपत्रात दिसते ती अत्याचार झाल्यावर, नाहीतर १४ एप्रिलला. उरलेले दिवस आपल्यालाच रचायचे आहेत. पोरांच्या हाती रद्दी, कात्री आणि डिंक द्या.

जय भीम!